मुळापासून

सिंदी मेघे, वर्धा
१८ फेब्रुवारी २०२४

बाबा, जयभीम.

शुक्रवारी वर्ध्याच्या बसस्टँडवर तुम्ही मला चहा पाजलात, त्याबद्दल हे पत्र आहे.

मी नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभी होते. पाणी प्यायला तोंडावरचा मास्क खाली केला आणि समोर तुम्ही. तीन वर्षांत तुम्ही माझ्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. आईच्या हातातून फोन ओढून कट करणारे तुम्ही, त्या दिवशी चक्क जवळ आलात. माझ्या गालांवर चार-पाच दिवसांची दाढी होती, अंगात ढगळ शर्ट, केस टोपीत कोंबलेले. तुम्ही हसलात, बाबा. म्हणालात, "बरं केलं रे. आता कसा मानसावानी दिसून राह्यला. चाल, चाय घेऊ." सोबतच्या नानाजी गुरुजींना तुम्ही माझी ओळखही करून दिलीत. "हा आमचा पोट्टा. नालवाडीले फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते."

मी चहा प्यायले आणि गप्प राहिले. तुमचा हात माझ्या खांद्यावर होता आणि खांद्याला तो बरा वाटला. गप्प राहण्याचं कारण एवढंच. घाबरले नव्हते.

पण चहा संपला. आता खरं सांगते. ती दाढी मी ठेवली नव्हती. ती काढून टाकण्यासाठीच वाढू दिली होती. नागपूरला अंजूताई म्हणून एक बाई आहेत, डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये काम करतात. त्या केसासारखी बारीक सुई एकेका केसाच्या मुळाशी घालतात आणि किंचित वीज सोडतात. मूळ जळतं, मग चिमट्यानं केस अलगद सुटून येतो. त्याला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. केस चिमट्यात धरता येईल एवढा तरी वाढलेला लागतो, म्हणून आधीचे चार दिवस वस्तरा लावायचा नाही. तुम्ही ज्या दाढीवर खूश झालात, ती संध्याकाळपर्यंत अर्धी संपली होती.

फोन तुम्ही घेत नाही. पण मास्तर आहात; हातात आलेला कागद वाचल्याशिवाय ठेवत नाही, हे मला माहीत आहे. लहानपणी तुम्ही सांगायचात, बोलायचं ते कसंही बोल, लिहायचं ते शुद्ध लिही. म्हणून शुद्ध लिहिते आहे. चहा पाजल्याचा पस्तावा होत असेल तर होऊ द्या. खोट्या गालावर मिळालेला मान मला नको.

पौर्णिमा

(सही नीट वाचा. आधार कार्डावरही आता हेच नाव आहे.)


सिंदी मेघे
३ मार्च २०२४

बाबा, जयभीम.

आईचा फोन आला होता, शेजारच्या सीताबाईंच्या फोनवरून. तुम्ही हिंगणघाटच्या डोमाजींकडे माझ्यासाठी मुलगी पाहिली म्हणे. सपना तिचं नाव. मी आईला एकच विचारलं, "माझं पत्र यायच्या आधी, का नंतर?"

आईनं आधी आवाज खाली केला. मग म्हणाली, "बादमंदी."

म्हणजे तुम्ही पत्र वाचलंत, घडी घालून ठेवलंत आणि मुलगी पाहायला निघालात. आईला म्हणालात, "डोक्यातलं भूत उतरून राह्यलं हाय. लगन लावून देलं का समदं ठीक होते." भूत! आयुष्यभर भानामती, करणी, अंगात येणं या सगळ्याच्या विरोधात गावोगाव बोलत फिरलात, आणि घरात आलं की भूत?

दाढीचं सांगून तुम्हाला समजलं नसेल, तर त्याच्या खालचंही सांगते.

माझं ऑपरेशन होणार आहे, खालचं अंग बाईचं करण्याचं. डॉक्टर मॅडमनी कागदावर आकृती काढून मला समजावलं. बाहेरून काही आणून लावत नाहीत. आहे त्याच कातडीचं आत अस्तर करतात, ब्लाउजला असतं तसं. त्या कातडीवर केस राहिले तर ते आतच वाढत राहतील. तिथं ना वस्तरा पोचणार, ना चिमटा. म्हणून तिथला केस न् केस आधीच मुळापासून मारायचा. आधी लेझर, आणि लेझरला दाद न देणारे उरतील त्यांना सुई. एका दिवसाचं काम नाही. आज मारलेला केस गेला असं वाटतं, महिन्यानं त्याच्या शेजारचा झोपलेला जागा होतो. वर्ष जातं, कुणाचं जास्त.

वाचताना लाज वाटते आहे? मलाही वाटली होती. पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलावर चादर गळ्यापर्यंत ओढून पडले होते. अंजूताई हातमोजे घालता घालता म्हणाल्या, "लाज बाहेर चपलेपाशी ठेवून याची. जाताना न्यायची असन तर न्या." मग त्यांनी बधिर करायची क्रीम लावली आणि त्यांच्या नणंदेनं कुलर कसा पळवला ते सांगत बसल्या. क्रीम चोरासारखी काम करते, वरचं घेते, आतलं ठेवते. पहिली सुई गेली तेव्हा मी टेबलाची कड धरली. नणंदेचा कुलर पूर्ण ऐकला. जाताना चपला घातल्या, लाज तिथंच राहिली. अजून कुणी नेली नसेल तर असेल तिथंच.

आता सपनाचं. तिला काय सांगितलंत तुम्ही? मुलगा निर्व्यसनी आहे, एवढंच ना? ते खरं आहे. बाकीचं कोण सांगणार? पुढच्या रविवारी तुम्ही सगळे हिंगणघाटला जाणार असं आई म्हणाली. त्याआधी डोमाजींना नाही म्हणून कळवा. माझ्याशी काय वागायचं ते वागा, पण माझ्या अंगावर एक परकी पोरगी औषध म्हणून बांधू नका. तुम्ही कळवलं नाही, तर मी जाऊन सांगेन.

पौर्णिमा


सिंदी मेघे
१२ मार्च २०२४

बाबा,

तुम्ही कळवलं नाही. मी गेले.

तुमच्यापर्यंत आलेल्या गोष्टीला वाटेत शिंगं फुटली असतील, म्हणून झालं ते सांगते. शनिवारी दुपारी साडी नेसून हिंगणघाटला गेले. सपना बाजाराजवळच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत मी टूथपेस्टचे डबे पाहत उभी राहिले.

"काय पाह्यजे, ताई?" तिनं विचारलं.

"तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्हाला केळझरच्या मास्तरांच्या मुलाचा फोटो दाखवला ना?"

तिचा चेहरा सावध झाला. "तुमी त्याची कोन?"

"तो फोटो माझा आहे."

तिनं फोन काढला. तुम्ही कॉलेजमधला फोटो पाठवलात, मिशीवाला. ती एकदा फोनकडे पाही, एकदा माझ्याकडे. मग तिला भुवईवरचा व्रण दिसला, बैलगाडीवरून पडले होते तेव्हाचा. तो दोन्हीकडे आहे.

तिनं काउंटरवर हात आपटला. "मंग मले फसवून राह्यले होते का हे लोक?" शेजारचा चष्मेवाला बाहेर येऊन पाहायला लागला. मी म्हटलं, "फसवू नये म्हणूनच आले." मी तिला सगळं सांगितलं. इलाज काय चालला आहे, ऑपरेशन काय आहे, तुम्हाला ठाऊक आहे हेही. ऐकता ऐकता ती स्टुलावर बसली. मग एकदम म्हणाली, "एक विचारू? तुमाले पोट्टे आवडते का?"

"हो."

"मंग झालं ना बाप्पा! आपल्या दोघींची पसंत एकच हाय. लगन कसं होइन?" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की ओढणीनं डोळे पुसले. मीही हसले, बाबा. कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

मग तिचं हसू थांबलं. "पन तुमचे बाबा मास्तर हाय ना? त्याइले समजत नोहतं का, मायं काय होइन?"

त्याचं उत्तर मी कसं देणार? ते तुमच्याकडे आहे.

पुढचं आईनं सांगितलं. डोमाजी केळझरला आले आणि विहारासमोर चार लोकांत तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुमची मान खाली गेली. त्याचं मला वाईट वाटलं, हे खोटं नाही लिहीत. पण ती मी घातली नाही खाली. आणि मग तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "मले पोट्टा नाई. होता तो मेला."

बरं. मेला तर मेला. तो तसाही कधी धड जगला नव्हता. त्याच्या नावानं पुण्यानुमोदनाचं जेवण ठेवणार असाल तर मला निरोप पाठवा. मी येईन. आईच्या हातची खीर मला आवडते.

पौर्णिमा


सिंदी मेघे
२१ जुलै २०२४

बाबा, जयभीम.

चार महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, पण तुम्ही मला मेलेलं जाहीर केल्यावर उठून बसायला जरा वेळ लागतो.

मंगळवारी डॉक्टर मॅडमनी तपासलं. मला वाटत होतं झालं. पावसाळा संपता संपता तारीख मिळेल असं मनात धरून बसले होते. त्यांनी दिवा जवळ घेतला, भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून नाही. मधल्या भागात परत आलेत. काही पांढरे आहेत, लेझरला ते दिसतच नाहीत. ते सुईनंच जातील. त्यानंतरही तीन महिने थांबून पुन्हा काही उगवत नाही ना, ते पाहायचं. घाई केली तर जन्मभर तुलाच त्रास."

मी हो म्हटलं. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. एका बाईनं विचारलं, "काही झालं का?" मी म्हटलं, "केस पांढरे झाले." तिला वाटलं, चेष्टा करते.

नागपूरहून येणारी गाडी दर वेळी केळझरवरून जाते, हे तुम्ही कधी मनात आणलं का? महिन्यातून दोन-तीनदा मी तुमच्या दारावरून जाते. आतापर्यंत मी मुद्दाम अशा बाजूला बसायचे, जिथून आपली वस्ती दिसत नाही. मंगळवारी गाडी थांबली, लोक उतरले, मी मान फिरवून बसले आणि माझा मलाच राग आला. मान कशासाठी फिरवायची? मी उठले आणि दुसऱ्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. विहाराचा निळा झेंडा पावसानं भिजून काठीला चिकटला होता. तुम्ही नव्हतात दिसत. दिसला असतात तर हात केला असता.

त्याच दिवशी अंजूताईंनी सुईही लावली होती, म्हणून घरी आले तेव्हा पाय फाकवून चालत होते. सुईच्या दिवशी तसंच चालावं लागतं. घरमालकीण सुमित्राबाई किराणा दुकानाच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्याबद्दल तुम्हाला लिहिलं नाही मी. त्यांचे मालक गेल्यावर दुकान त्या एकट्याच चालवतात, मागची खोली मला दिली आहे. सोमवारचा उपास करतात, शंकराचा फोटो पुसल्याशिवाय गल्ला उघडत नाहीत. मला वाटायचं, यांना कळलं की खोली गेली.

"काऊन वं, अशी काऊन चालून राह्यली?"

त्या दिवशी मला खोटं बोलायचा कंटाळा आला. दुकानाच्या पायरीवरच सगळं सांगितलं. ऑपरेशन, अस्तर, केस, परत आलेले केस. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे वावरातलं निंदनच म्हन ना," त्या म्हणाल्या. "वरून कापलं का पुन्हा येते. मुळापासून काढा लागते. मंग रडतं कायले? दुसरं निंदन आलं समज." आणि आत जाऊन फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून घेऊन आल्या.

मी रडत नव्हते, असं त्यांना सांगितलं. तुम्हालाही तेच सांगते.

पौर्णिमा


नागपूर
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

बाबा, जयभीम.

हे पत्र दीक्षाभूमीजवळ एका पुस्तकांच्या दुकानामागे बसून लिहिते आहे. तुम्हीही इथंच आहात. सकाळी मी तुम्हाला पाहिलं, आईला पाहिलं. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि तुम्ही तिला गर्दीतून वाट काढून देत होता. मी हाक मारली नाही. हा दिवस तुमचा मोठा असतो, तो मला बिघडवायचा नव्हता. पण माझाही आहे, म्हणून मीही आले.

पणजोबांची गोष्ट तुम्ही दर जयंतीला सांगता. रूपराव छप्पन्न साली भाकरी बांधून पायी नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव टोपलीत घालून बाहेर काढले. गावानं तर बोलणं टाकलंच, पण सख्ख्या भावानंही टाकलं. तो दारात येऊन म्हणाला, "नाव बदलल्यानं रगत बदलते का रे?" आणि पणजोबा म्हणाले, "रगत थेच हाय, भाऊ. मान सरळ झाली."

इथं तुम्ही नेहमी थांबता. टाळ्या होऊ देता.

मी स्वतःची त्यांच्याशी तुलना करत नाही. ते लाखो लोकांसोबत चालले, मी एका टेबलावर पडून राहते. पण बाबा, ही गोष्ट मला सांगितली कुणी? मी पाच वर्षांची होते तेव्हापासून तुम्हीच सांगितलीत. जन्मानं दिलेलं सगळं मुकाट्यानं वाहायचं नसतं, हे या घरात मला कुणी शिकवलं? मी फक्त ऐकलं. तुम्हाला वाटलं होतं, पोरं टाळ्या वाजवून विसरतात.

उरलेले केस पावसाळ्यात संपले. अंजूताईंनी शेवटची सुई ठेवली आणि म्हणाल्या, "आता माझ्याकडे येऊ नका हो, ताई. चाय प्याले या फक्त." आता नुसती वाट पाहणं चालू आहे. काल मॅडमनी पुन्हा भिंग घेऊन पाहिलं. काही नाही उगवलं. आणखी पाहतील, पण तारीख दिली. जानेवारीचा तिसरा आठवडा, नागपूरलाच.

मी परवानगी मागत नाही. कळवते आहे. भीती वाटते का असं आई विचारेल. तिला सांगा, हो. तुम्हाला सांगते, त्यानं काही बदलत नाही.

पौर्णिमा


सिंदी मेघे
२० फेब्रुवारी २०२५

बाबा, जयभीम.

झालं. महिना होत आला.

ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवर मी काय विचार केला, हे कुणालाच सांगणार नाही. ते माझं आहे. जागी झाले तेव्हा सुमित्राबाई उशाशी होत्या. पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "दुकान बंद ठेवून आलो हाय. लौकर बरी होजो." पण दवाखान्यातून सोडेपर्यंत हलल्या नाहीत. दुखलं, खूप दुखलं. अजून उठता-बसता दुखतं. डॉक्टरांनी दिलेलं साधन दिवसातून काही वेळा आत ठेवून पडून राहावं लागतं, नाहीतर नवी जागा आकसते. त्या वेळात मी छताकडे पाहते. पाली मोजून झाल्या. कंटाळा येतो, पण एक सांगू? मला माझं अंग पहिल्यांदा शांत लागतं. आयुष्यभर कानात कसलं तरी यंत्र घरघरत होतं आणि कुणीतरी ते बंद केलं, असं काहीसं. मास्तरांच्या पोरीला याहून बरी उपमा सुचायला हवी होती.

आई रोज फोन करते. आता सीताबाईंकडे जात नाही, घरूनच करते, तुमच्यासमोर. मागून तुमच्या खोकण्याचा आवाज येतो, म्हणून कळतं. "थंड्या पान्यात हात घालजो नोको. कानाले बांधून राहाजो. बाळंतिनीवानी जप." मी म्हटलं, "आई, मी कुठं बाळंतीण?" तर म्हणाली, "नसशीन. पन बाईच्या जातीचं आंग हाय आता, हवा लागते."

आता तुमचं.

परवा मंगळवारी दुपारी तुम्ही आलात. मी खोलीत पडले होते, खिडकी उघडी होती; तिच्यातून दुकानाची पायरी तिरकी दिसते. तुमच्या हातात डबा होता. तुम्ही दुकानासमोर येऊन उभे राहिलात.

"काय पाह्यजे?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"इथं... मांगच्या खोलीत..."

"कोन पाह्यजे मांगच्या खोलीत?"

त्या तुम्हाला ओळखत नव्हत्या असं समजू नका. तुमचं नाक आणि माझं नाक एकच आहे. त्यांनी सरळ विचारलं, "नाव सांगा."

तुम्ही तोंड उघडलंत. जुनं नाव तुमच्या जिभेवर आलं, मला इथून दिसलं. पण ते नाव त्या दारात चालणार नाही, हे तुम्हाला कळलं असावं. आणि नवं काही निघेना. पायावरचं वजन या पायावरून त्या पायावर करत तुम्ही उभे राहिलात. ऊन होतं. मग डबा काउंटरवर ठेवून निघून गेलात.

मी हाक मारू शकले असते. खिडकी हातभर अंतरावर होती. मारली नाही. इतकं सगळं करून मी इथवर आले, बाबा. तीन अक्षरांचा रस्ता तुम्ही चालायचा.

डब्यात डिंकाचे लाडू होते. आईला सांगा, छान झालेत. सुमित्राबाईंनाही दिले. त्यांना मी सांगून ठेवलं आहे, बाबा पुन्हा आले तरी नाव विचारायचं. दर वेळी विचारायचं.

पौर्णिमा


सिंदी मेघे
७ एप्रिल २०२५

बाबा, जयभीम.

काल तुम्ही येऊन गेलात. समोर असताना जे बोलता आलं नाही ते लिहिते.

तुम्ही दुकानासमोर उभे राहिलात तेव्हा मी दाराआडच होते. सुमित्राबाईंनी ठरल्याप्रमाणे विचारलं, "कोन पाह्यजे?" तुम्ही खाकरलात आणि म्हणालात, "पुनवा हाय का घरी?"

पौर्णिमा नाही. पुनवा. तुमची आजी चांदण्यात दळायला बसायची, तेव्हा ती पौर्णिमेला म्हणायची तसं. शुद्ध लिहायला शिकवलंत आणि माझं नाव मात्र अशुद्ध घेतलंत, तरी मी दार उघडलं. सुमित्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं, चालेल का म्हणून. मी मान हलवली. चालेल. याहून चांगलं मला सुचलं नसतं.

तुम्ही माझ्या खोलीत एवढ्याशा खुर्चीवर बसलात. मी चहा केला. तुम्ही भिंतीकडे पाहिलंत, पंख्याकडे पाहिलंत, माझ्याकडे थोडंच. शेवटी विचारलंत, "दुखते का?" मी म्हटलं, "आता कमी." मग तुम्ही म्हणालात, "हिंगनघाटले गेलतो. त्या पोरीची माफी मागून आलो." एवढंच. कधी गेलात, ती काय म्हणाली, काही नाही. मला विचारायचं होतं, पण तुमचा चेहरा पाहून विचारलं नाही. सपनाला जे उत्तर मी दिलं नव्हतं, ते तुम्ही स्वतः जाऊन दिलंत. बाबा, त्याच्यासाठी मी तुम्हाला माफ केलं, असं नाही. पण त्या दिवशी खाली गेलेली तुमची मान मला पुन्हा सरळ दिसली.

आणि मग उठता उठता तुम्ही ते म्हणालात. "आईले भेटाले येजो एखांद्या दिवशी. पन अंधार पडल्यावर ये. मांगच्या बोळीतून."

मी काही बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल, मी हो म्हटलं. चहाच्या कपासोबत मी गप्प राहिले की तुमचा असा समज होतो, हे आता मला कळलं आहे.

म्हणून हे लिहिते. मी अंधारात येणार नाही. रात्री मागच्या बोळीतून कोण येतं? चोर. मी केळझरला काही चोरायला येत नाही. ज्या घरात मी रांगले, त्या घरात मी पुढच्या दारानं येईन.

येत्या सोमवारी चौदा एप्रिल आहे. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली आहे. सकाळच्या गाडीनं येते. पांढरी साडी घेतली आहे, निळ्या काठाची. वस्तीतल्या बायकांची रांग विहारापासून निघते ना, त्या रांगेत चालणार आहे. लोक पाहतील. पाहू देत. डोमाजी ओरडून गेले त्याच जागेवरून मी जाईन. कुणी काही बोललं तर मला उत्तर देता येतं, ते मी तुमच्याच घरात शिकले. माझ्यासाठी तुम्ही कुणाशी भांडावं अशी अपेक्षा नाही. फक्त मला लपवू नका.

आईला सांगा, पुरणपोळी नको, साधं वरण-भात-भाजी कर. आणि तिला सांगा, माझ्याजवळ चाल. ती चालेल.

संध्याकाळी विहारासमोर सभा आहे, अध्यक्ष तुम्हीच असाल. दरवर्षीचंच भाषण करा. काही गाळू नका, काही वाढवू नका. बायकांच्या पहिल्या रांगेत बसून मी ते पूर्ण ऐकणार आहे, आणि तुम्ही माझ्याकडे पाहून बोलायचं आहे.

तुमची मुलगी,
पुनवा